बर्ड फ्लूविषयी गावात बोलणाऱ्या कार्यकर्त्यांना कसे तयार करावे : नव्या प्रशिक्षकांसाठी मार्गदर्शक

पुणे जिल्ह्यात कोंबडीपालनाची दोन अगदी वेगळी जगे आहेत. एकीकडे करार पद्धतीने किंवा स्वतःच्या भांडवलावर चालणाऱ्या, एका वेळी हजारो पक्षी सांभाळणाऱ्या ब्रॉयलर (मांसासाठीच्या) व लेयर (अंड्यांसाठीच्या) कोंबड्यांच्या शेड आहेत, आणि दुसरीकडे भोर, वेल्हे, मुळशी, मावळ, आंबेगाव अशा भागांत दारातल्या आठ-दहा गावरान कोंबड्यांच्या अंड्यांवर मीठमिरचीचा आणि मुलांच्या वह्यांचा खर्च भागवणारी घरे आहेत. बर्ड फ्लूच्या प्रतिबंधाविषयी लोकांशी बोलण्यासाठी आशा स्वयंसेविका, अंगणवाडी सेविका, पशुसखी किंवा बचत गटातील कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देण्याचे काम ज्यांच्याकडे पहिल्यांदाच आले आहे, त्यांनी ही दोन जगे सुरुवातीलाच वेगळी करून पाहावीत. शेडमालकाकडे पशुवैद्यकाचा किंवा कंपनीच्या सुपरवायझरचा फोन असतो. दारात कोंबड्या पाळणाऱ्या बाईला मात्र कोंबडी मेली तर कोणाला सांगायचे हेच बहुधा ठाऊक नसते. गावपातळीवरील कार्यकर्तीचे मुख्य काम या दुसऱ्या घराशी आहे, आणि हा लेख प्रामुख्याने त्याच कामाविषयी आहे.

हा विषय महाराष्ट्राला नवा नाही. भारतातील कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लूची पहिली नोंद फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाली. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे, त्यानंतरच्या महिन्यात पुन्हा नवापुरात आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात हा रोग आढळला. जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे मेलेल्या कावळ्यांमध्येही तो सापडला. या तारखा प्रशिक्षणात सांगाव्यात, कारण त्यांतून दोन गोष्टी स्पष्ट होतात : रोग पुन्हा पुन्हा येतो, आणि येतो तो बहुतेकदा थंडीत किंवा थंडी सरताना. म्हणून प्रशिक्षण दिवाळीच्या आसपास उरकावे. बातम्या सुरू झाल्यानंतर घाईने घेतलेल्या बैठकीत कार्यकर्तीला शिकायला उसंत मिळत नाही आणि तिच्यापुढे आधीच घाबरलेले गाव उभे असते.

पहिली पायरी : दोन खात्यांना एकत्र बसवा

आशा आरोग्य विभागाशी जोडलेली असते, पशुसखी उमेद अभियानातून येते आणि कोंबडीचा आजार हा पशुसंवर्धन विभागाचा विषय आहे. एकट्या वैद्यकीय अधिकाऱ्याने प्रशिक्षण दिले, तर माणसाच्या तापाबद्दल सर्व सांगून होते आणि कोंबडीच्या मरतुकीवरचे प्रश्न अनुत्तरित राहतात. एकट्या पशुवैद्यकाने दिले, तर याच्या उलट होते. त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी आणि त्याच भागाचे पशुधन विकास अधिकारी या दोघांनाही किमान पहिल्या सत्राला प्रत्यक्ष बोलवावे. कार्यकर्तीने त्यांचा चेहरा पाहिलेला असावा आणि त्यांचा क्रमांक तिथल्या तिथे आपल्या फोनमध्ये साठवलेला असावा. पुढे रात्री आठ वाजता तिला फोन करावा लागला, तर तो ओळखीच्या माणसाला केलेला फोन ठरतो.

गटात वीस-पंचवीसपेक्षा अधिक जणी घेऊ नयेत. खुर्च्यांच्या रांगा न लावता गोलात बसावे. सत्र आरोग्य केंद्राच्या मासिक बैठकीला जोडले, तर प्रवासाचा वेगळा भार पडत नाही, पण मग ते बैठकीच्या शेवटी उरलेल्या वेळात ढकलू नये. अर्धा दिवस तरी हवाच.

दुसरी पायरी : मोजक्या चार गोष्टी पक्क्या करा

कार्यकर्तीने घरोघरी सांगायच्या गोष्टी चारच ठेवाव्यात : कळवणे, वेगळे ठेवणे, हात धुणे आणि पूर्ण शिजवणे. प्रत्येक गोष्टीमागचे कारण तिला स्वतःला समजलेले असले पाहिजे, कारण गावात तिला पहिला प्रश्न ‘का?’ हाच विचारला जाणार आहे.

कळवण्यासाठी आधी ओळखता आले पाहिजे. एकाएकी, एकामागून एक पक्षी मरणे, तुरा व गलोल (चोचीखालची लोंबती कातडी) सुजणे किंवा निळसर-जांभळे पडणे, नाकातून स्राव येणे, अंडी अचानक कमी होणे किंवा मऊ कवचाची येणे, ही लक्षणे सांगावीत. त्याबरोबरच हेही सांगावे की मानमोडी म्हणजे राणीखेत रोगातही कोंबड्या अशाच पटापट मरतात आणि दोन्हींतला फरक नुसत्या डोळ्यांनी करता येत नाही. कार्यकर्तीने ‘हा बर्ड फ्लूच आहे’ असेही म्हणू नये आणि ‘मानमोडीच असेल, दरवर्षी येते’ असेही म्हणू नये. राणीखेतसाठी दिली जाणारी लासोटा लस बर्ड फ्लूपासून संरक्षण देत नाही, हा खुलासा आवर्जून करावा, कारण ‘आमच्या कोंबड्यांना लस दिली आहे’ हे उत्तर अनेक घरांत ऐकू येते. बदके वरून धडधाकट दिसत असतानाही विषाणू बाळगू शकतात, हे नदीकाठच्या आणि तळ्याकाठच्या गावांत सांगणे गरजेचे आहे.

पुढे काय होते तेही समजावून द्यावे. पशुवैद्यक नमुने घेतात, औंध येथील पशुसंवर्धन विभागाच्या रोग अन्वेषण प्रयोगशाळेचा त्यात सहभाग असतो आणि बर्ड फ्लूचे अंतिम निदान भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत होते. माणसाच्या नमुन्याची तपासणी पुण्यातल्याच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत होते. निदानाला वेळ लागतो, आणि या मधल्या दिवसांतच अफवा सर्वाधिक पसरतात. म्हणून ‘अहवाल आलेला नाही, तोवर आपण एवढे करायचे’ हे वाक्य कार्यकर्तीच्या तोंडी बसले पाहिजे.

‘वेगळे ठेवणे’ या सल्ल्यात मात्र प्रशिक्षकाने घराची बांधणी पाहूनच बोलावे. मावळ-मुळशीच्या डोंगराळ वाड्यांमध्ये रात्री मुंगूस, रानमांजर किंवा बिबट्याच्या भीतीने कोंबड्या घरातच डालग्याखाली झाकतात. कित्येकदा ते डालगे चुलीच्या बाजूला किंवा मुले झोपतात त्याच खोलीत असते. अशा घरात जाऊन ‘कोंबड्या घरात ठेवू नका’ असे सांगणे म्हणजे घरातल्या बाईला कोंबड्या गमवायला सांगणे आहे, आणि ती मान हलवेल, पण तुमचे ऐकणार नाही. त्याऐवजी भिंतीला लागून, जमिनीपासून थोडे उंच, जाळी लावलेले खुराडे कसे करता येईल, त्याला जुने फाटक किंवा लाकडी पेटी चालेल का, बचत गटातून त्यासाठी थोडे पैसे उचलता येतील का, हे तिच्याबरोबर बसून पाहावे. ते लगेच होणार नसेल, तर निदान डालगे मुलांच्या अंथरुणापासून आणि पाण्याच्या भांड्यांपासून दूर सरकवणे, खालची विष्ठा कोरडी उडू न देता थोडे पाणी शिंपडून व नाकातोंडाला कापड बांधून गोळा करणे, आणि पिल्ले मुलांच्या हातात खेळायला न देणे, एवढ्यावर सुरुवात करावी. नव्या विकत आणलेल्या कोंबड्या काही दिवस जुन्या कोंबड्यांत न मिसळणे हाही याच सल्ल्याचा भाग आहे.

हात धुण्याविषयी फार बोलण्याची गरज नाही. साबण, किमान वीस सेकंद, आणि ते कोंबड्यांना हात लावल्यावर लगेच, एवढे पुरे. बर्ड फ्लूच्या विषाणूवर असलेले आवरण साबणाने विस्कटते, हे कारण सांगितले की कोविडच्या काळातली सवय लोकांना आठवते. ब्लीचिंग पावडर वापरताना आधी विष्ठा व कचरा काढून जागा धुवावी आणि मग द्रावण टाकावे, कारण घाणीवर टाकलेल्या क्लोरीनचा जोर घाणीतच संपतो.

शिजवण्याबद्दल शास्त्र सोपे आहे. मांस आतपर्यंत ७० अंश सेल्सिअसला पोहोचले की विषाणू नष्ट होतो, आणि आपल्याकडचा उकळलेला रस्सा किंवा नीट शिजलेले सुके ही मर्यादा सहज ओलांडते. धोका असतो तो अर्धवट शिजलेल्या पदार्थांत, म्हणजे हाफ फ्रायच्या पातळ बलकात किंवा घाईने भाजलेल्या तुकड्याच्या गुलाबी गाभ्यात. त्याहूनही अधिक धोका कच्ची कोंबडी हाताळण्यात आणि त्याच विळीवर किंवा सुरीने कोशिंबीर चिरण्यात असतो. कार्यकर्तीने ‘चिकन खाऊ नका’ असे कधीही म्हणू नये. तसे सांगणे चुकीचे आहे आणि त्याने शेजारच्या शेतकऱ्याचे पोट मारले जाते.

तिसरी पायरी : नुकसानीविषयी आधी बोला

नवा प्रशिक्षक बहुधा विषाणूपासून सुरुवात करतो. माझ्या मते सुरुवात नुकसानीपासून करावी, कारण लोक माहितीच्या अभावी जितके लपवतात, त्याहून अधिक नुकसानीच्या भीतीने लपवतात. कोंबड्यांना मर लागली की उरलेल्या मिळेल त्या भावाने विकून मोकळे व्हायचे, मरायला टेकलेली कोंबडी कापून खायची, मेलेली ओढ्यात किंवा उसाच्या बांधावर टाकायची, हे वागणे बेजबाबदारपणाचे म्हणून त्यावर रागावता येईल. पण ज्या घरात दहा कोंबड्या हीच अडीनडीची शिल्लक आहे, तिथे ते समजण्यासारखे आहे. विषाणूच्या दृष्टीने मात्र नेमके हेच वागणे त्याला एका दारातून दहा दारांत नेते.

म्हणून भरपाईचा नियम कार्यकर्तीला तोंडपाठ असावा. रोगाचे निदान झाल्यावर बाधित ठिकाणापासून १ किलोमीटरच्या परिघातील पक्षी शासनाच्या पथकाकडून नष्ट केले जातात आणि १ ते १० किलोमीटरच्या पट्ट्यात देखरेख ठेवली जाते. शासनाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची, अंड्यांची आणि खाद्याची भरपाई ठरलेल्या दराने मिळते, आणि तिचा भार केंद्र व राज्य यांच्यात वाटला जातो. आधीच मेलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळत नाही. या शेवटच्या वाक्यात कळवण्याचे सर्वांत खरे कारण आहे : जितक्या लवकर कळवाल, तितके अधिक पक्षी जिवंत असताना मोजले जातील. दर बदलत असल्याने कार्यकर्तीने स्वतः आकडा सांगू नये. प्रशिक्षणाच्या दिवशी लागू असलेले दर आणि कागदपत्रांची यादी पशुधन विकास अधिकाऱ्यांकडूनच वाचून घ्यावी, आणि पैसे किती दिवसांत मिळतील याचे वचन कोणीही देऊ नये. शासनाच्या वतीने दिलेले आणि न पाळले गेलेले एक वचन त्या कार्यकर्तीचा गावातला शब्द कायमचा हलका करते.

प्राण्यांमधील संक्रामक रोगांविषयीच्या २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार अशा रोगाचा संशय आल्यास पक्षी ज्याच्या ताब्यात आहेत त्याने गावपातळीवरील अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवणे बंधनकारक आहे. हे कार्यकर्तीला माहीत असावे, पण घरात पाय ठेवताच तिने कायदा काढू नये. ग्रामसभेत सरपंचांनी किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी तो वाचून दाखवणे अधिक योग्य.

चौथी पायरी : बोलून सराव करा

व्याख्यान ऐकून कोणी बोलायला शिकत नाही. सत्राचा निम्म्याहून अधिक वेळ जोड्या करून संवादांना द्यावा. एकीने आजी व्हावे, एकीने आशा, तिसरीने नुसते पाहावे आणि मग अदलाबदल करावी. प्रसंग कठीण निवडावेत. उदाहरणार्थ, आजी म्हणतात, ‘अगं, दोन कोंबड्या मेल्या, त्यात काय एवढं? तू सांगशील आणि सरकारचे लोक येऊन सगळ्या मारून टाकतील.’ यावर कार्यकर्तीने काय म्हणावे? ‘आजी, मारणार नाहीत’ असे म्हणणे खोटे ठरू शकते. ‘आजी, आधी डॉक्टर येऊन तपासतील. मानमोडी निघाली तर औषधपाण्याचं, लसीचं सांगतील. दुसरं काही निघालं तर मोजून नेतील आणि मोजलेल्याचे पैसे मिळतील. पण आपण गप्प राहिलो आणि सगळ्या आपोआप मेल्या, तर एकीचाही पैसा मिळायचा नाही,’ हे उत्तर खरे आहे आणि आजींच्या हिशेबात बसणारे आहे. असे उत्तर गटाने आपल्या बोलीत स्वतः घडवावे. छापील उत्तर वाटू नये.

दुसरा प्रसंग मेलेल्या कोंबडीचा घ्यावा. घरातल्यांनी तिला उघड्या हाताने उचलू नये, टोपली किंवा घमेले उपडे घालून झाकावे, मुले, कुत्री व मांजरे दूर ठेवावीत आणि फोन करावा. जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना किंवा पशुसंवर्धन विभागाचा टोल-फ्री क्रमांक १९६२ यांपैकी कुठेही कळवता येते. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय पुरू नये, कारण नमुना लागतो. हलवणे अगदीच भाग पडले, तर हातावर प्लास्टिकची पिशवी चढवून, नाकतोंड झाकून हलवावे आणि नंतर साबणाने हात व कपडे धुवावेत. मांजरांचा उल्लेख उगाच केलेला नाही : मांजराच्याच कुळातले, नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रातील ३ वाघ व १ बिबट्या यांचा मृत्यू बर्ड फ्लूने झाल्याचे जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट झाले. जुन्नर आणि आंबेगावच्या उसाच्या पट्ट्यात बिबटे वस्तीलगत वावरतात; तिथे मेलेल्या कोंबड्या उघड्यावर टाकण्याने रोगाचा धोका वाढतो आणि बिबट्या वस्तीकडे येण्याचाही. हे कारण त्या भागातल्या लोकांना लगेच पटते.

सरावात प्रत्यक्ष फोन करून पाहणे ठेवावे. प्रत्येकीने पशुवैद्यकाला किंवा १९६२ ला कळवताना काय सांगायचे ते मोठ्याने बोलून दाखवावे : गाव व वाडी, घराचा मालक, किती पक्षी होते, किती मेले, कधीपासून, आणि घरात कोणाला ताप-खोकला आहे का.

तो शेवटचा प्रश्न विसरू नये. आजारी किंवा मेलेल्या पक्ष्यांच्या संपर्कानंतर साधारण १० दिवसांत ताप, खोकला, घसादुखी किंवा धाप लागली, तर त्या माणसाला त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे आणि ‘कोंबड्यांशी संबंध आला होता’ हे डॉक्टरांना आपणहून सांगायला लावावे. ओसेल्टामिवीर हे औषध जितके लवकर सुरू होईल तितके उपयोगी ठरते. कार्यकर्तीने स्वतः मरतूक झालेल्या शेडमध्ये किंवा खुराड्यात शिरू नये. तिचे काम अंगणापर्यंतच आहे, आणि हे तिच्या वरिष्ठांसमोर स्पष्टपणे सांगितले गेले पाहिजे, म्हणजे पुढे कोणी तिला पक्षी मोजायला आत पाठवणार नाही.

पाचवी पायरी : भीती आणि अफवा

‘घाबरू नका’ या शब्दांनी बोलणे सुरू करू नये, कारण ते ऐकताच माणूस घाबरण्यासारखे काय आहे ते शोधू लागतो. धोका जेवढा आहे तेवढा सांगावा. हा रोग मुख्यतः पक्ष्यांचा आहे. माणसाला तो क्वचित होतो, आणि तोही बहुधा आजारी पक्ष्यांशी जवळचा संबंध आल्यावर. माणसाकडून माणसाला तो सहज पसरत असल्याचे दिसलेले नाही. पण ज्यांना होतो त्यांच्यासाठी तो गंभीर असतो. २००३ पासून जगभरात नोंदलेल्या एच५एन१ (बर्ड फ्लूच्या विषाणूचा एक प्रकार) च्या ९०० हून अधिक मानवी रुग्णांपैकी जवळपास निम्मे दगावले. भारतात २०२१ मध्ये हरियाणातील एका मुलाचा आणि २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातील दोन वर्षांच्या मुलीचा या रोगाने मृत्यू झाला. ‘क्वचित होतो’ आणि ‘झाला तर जिवावर बेततो’ ही दोन्ही वाक्ये एकत्रच सांगावीत. फक्त पहिले सांगितले तर बेफिकिरी वाढते, फक्त दुसरे सांगितले तर गावात कोंबडी विकणाऱ्याच्या दाराशी कोणी जात नाही.

पुण्यातल्या लोकांच्या मनात जुन्या साथींच्या आठवणी एकमेकींत मिसळलेल्या आहेत. २००९ च्या स्वाइन फ्लूचा मोठा फटका या शहराला बसला होता. २०२० च्या सुरुवातीला चिकनमधून कोरोना होतो या अफवेने ब्रॉयलरचे भाव कोसळले आणि शेतकऱ्यांना पक्षी मातीमोल किमतीला द्यावे लागले. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गुलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हाही चर्चेत कोंबडीचे नाव आले. कार्यकर्तीला हे तिन्ही प्रश्न विचारले जातील. तिला सांगता यावे की हे वेगवेगळे आजार आहेत, आणि मांस पूर्ण शिजवणे व हात धुणे हे मात्र सगळीकडे उपयोगी आहे. व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर ‘हा खरा आहे का?’ असे विचारण्यासाठीसुद्धा गावाच्या गटात पुढे पाठवू नये. तो फक्त वैद्यकीय किंवा पशुधन विकास अधिकाऱ्यांना पाठवावा आणि त्यांचे उत्तर तेवढे गटात टाकावे.

इंदापूर तालुक्यात भिगवणजवळ उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी आणि पट्टकादंब हंस येतात. तिथल्या गावांत ‘मग हे पक्षी हाकला’ अशी मागणी होऊ शकते. रानपक्ष्यांना हाकलल्याने काही साधत नाही, ते दुसऱ्या पाण्यावर जाऊन बसतात. त्या पाण्यावर घरच्या कोंबड्या-बदके सोडू नयेत आणि मेलेला रानपक्षी दिसल्यास हात न लावता वन विभागाला व पशुवैद्यकाला कळवावे, एवढेच सांगावे.

शहरातील वस्त्यांसाठी

पुणे व पिंपरी-चिंचवडमधील आशांना परसातल्या कोंबड्या कमी आणि चिकनची दुकाने अधिक भेटतात. तिथे दुकानदाराशी बोलण्याचा सराव घ्यावा, आणि काही दुकानांत हिंदीत बोलावे लागेल हे धरून चालावे. जिवंत पक्ष्यांच्या जाळ्या रोज धुणे, कापण्याची जागा आणि विक्रीचा ओटा वेगळा ठेवणे, पिसे व आतडी उघड्या गटारात न टाकणे, मलूल पक्षी न कापता वेगळा काढणे, आणि कापणाऱ्या कामगाराला ताप आल्यास त्याला सुट्टी देऊन दवाखान्यात पाठवणे, हे पाच मुद्दे पुरेसे आहेत. दुकानाच्या गर्दीच्या वेळी, विशेषतः रविवारी सकाळी, बोलायला जाऊ नये.

प्रशिक्षणानंतर

सत्राच्या शेवटी प्रश्नपत्रिका देण्यापेक्षा दोन-तीन आठवड्यांनी काही घरांत स्वतः जावे. घरातल्या बाईला ‘तुम्हाला काय काय सांगितले?’ असे विचारले, तर ती पाठ केलेले सांगेल. ‘उद्या सकाळी तीन कोंबड्या मेलेल्या दिसल्या, तर काय कराल?’ असे विचारावे आणि फोन क्रमांक भिंतीवर किंवा दाराच्या मागे लिहिलेला आहे का ते पाहावे. पुरुष घरी नसताना फोन कोणाकडे असतो, हेही विचारावे. पुष्कळ घरांत दिवसभर कोंबड्यांपाशी असते ती बाई, आणि फोन असतो तो कामावर गेलेल्या मुलाकडे. तिथे शेजारच्या फोनची सोय आधीच ठरवून ठेवावी लागते.

कार्यकर्तीच्या वहीत चार रकाने पुरतात : तारीख, घर, काय कळले, कोणाला कळवले. आलेल्या प्रत्येक खबरीवर पशुवैद्यकांनी काय केले हे तिला परत कळवण्याची जबाबदारी प्रशिक्षकाने स्वतःकडे घ्यावी, तपासणीत काही निघाले नाही तरीही. तीन वेळा कळवून एकदाही उत्तर आले नाही, तर चौथ्या वेळी ती फोन करणार नाही, आणि तिला तो दोष देता येणार नाही. डिसेंबर ते मार्च या काळात दर मासिक बैठकीत या वहीवर दहा मिनिटे ठेवावीत, आणि त्या दिवशी पशुधन विकास अधिकारी येऊ शकत नसतील तर त्यांना फोनवर घेऊन प्रलंबित खबरींची उत्तरे सर्वांसमोर मिळवावीत.